टाकीतली मळी

‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना, मुली कमी पडतायत,’ असं आमच्या मासिकाच्या संपादिकेने कँटीनमध्ये म्हटलं आणि समोसा खाता खाता मी ‘हो’ म्हणून गेले. वास्तविक माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. एकोणसत्तर म्हणजे किती, हे मला अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत जाऊन बघून यावं लागतं. पण संपादिका माझ्याकडे सबमिशनच्या रात्री येऊन गेलेली, आमचा फिशटँक तिने पाहिलेला. म्हणाली, ‘त्या फेसाच्या मशीनबद्दल लिही. फक्त इंग्रजी शब्द जरा कमी कर हं!’

तर मंडळी, पहिल्याच ओळीला गाडी अडली. त्या मशीनचं नाव ‘प्रोटीन स्किमर’. त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘प्रथिन-फेन-विलगक’ असं काहीतरी मी जुळवून पाहिलं आणि वाचल्यावर मलाच व्हायवाला उभं राहिल्यासारखं वाटलं. शेवटी नाव मिळालं, पण ते डिक्शनरीत नाही, आमच्या हॉलमध्येच. तिथपर्यंत येते मी, जरा धीर धरा.

आधी टाकीबद्दल. कल्याणला आमचा वन रूम किचन ब्लॉक आणि त्याच्या हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी समुद्राच्या पाण्याची टाकी. दादाने २०२२ साली पहिल्या पगारातून घेतली आणि दोन वर्षांनी बंगळूरला नोकरी मिळाल्यावर ‘तू केमिकलची ना, तुला जमेल’ असं म्हणून माझ्या गळ्यात घातली. काच भरून मोजलं तर १९१ लिटर, पण दगड-वाळू वजा जाता खरं पाणी दीडशे लिटरच्या आसपास. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक कोळंबी, थोडे गोगलगायीसारखे प्राणी आणि सार्कोफायटॉन नावाचं, अळंबीसारखं दिसणारं मऊ प्रवाळ. कडक सांगाड्याची प्रवाळं आमच्याकडे नाहीत आणि नसणार. ती २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या रांगेत. बरेच लोक दुकानात मिळालं म्हणून घेऊन येतात, ते मला अजिबात पटत नाही.

गोड्या पाण्याच्या टाकीत चुकारपणा थोडाफार खपतो. रीफच्या टाकीत नाही. मासे खातात, घाण करतात, अंगावरचा बुळबुळीत चिकटा सोडतात, उरलेलं अन्न दगडाच्या फटीत जातं. हे सगळं कुजून अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट. साधा फिल्टर घाण अडवतो खरा, पण अडवलेली घाण पाण्यातच राहते आणि तुम्ही तो धुवेपर्यंत तिथेच कुजते. स्किमरची गंमत अशी की तो ती कुजायच्या आधीच पाण्याबाहेर नेऊन ठेवतो.

कसा? यासाठी मास ट्रान्सफरच्या तासाला जागं असणं उपयोगी पडतं. प्रथिनांसारख्या रेणूंचा काही भाग पाण्याशी जमवून घेणारा असतो आणि काही भाग पाण्यापासून पळणारा. असा रेणू हवेचा बुडबुडा भेटला की त्याला जाऊन चिकटतो, पळणारा भाग हवेकडे, जमवून घेणारा पाण्याकडे. उंच नळकांड्यात असे लाखो बुडबुडे सोडले की ते घाण अंगाला लावून वर येतात, नळकांड्याच्या गळ्यात फेस साचतो, फेसातलं पाणी निथळून खाली जातं आणि घट्ट झालेला फेस वरच्या कपात सांडतो. बस, इतकंच. चाळणी नाही, रसायन नाही, फक्त हवा.

आता यात सगळा खेळ बुडबुड्याच्या आकाराचा. एक लिटर हवा एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर त्यांचा एकूण पृष्ठभाग होतो ६ चौरस मीटर. व्यास निम्मा केला तर तीच हवा देते १२ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आमचा अख्खा हॉल! शिवाय बारीक बुडबुडा सावकाश वर चढतो, त्यामुळे घाण चिकटायला वेळही जास्त मिळतो. आणि हे खाऱ्या पाण्यातच नीट जमतं. मी दोन बादल्यांत करून पाहिलंय. साध्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भेटले की लगेच एकत्र होऊन मोठे होतात. मीठ घातलेल्या पाण्यात ते सुटे राहतात, पाणी दुधासारखं दिसतं.

दादाने आणलेला स्किमर स्वस्तातला होता. त्याचे बुडबुडे साबुदाण्याएवढे. कपात जमायचं ते फिक्कट पिवळं पाणी, आणि आवाज मात्र मिक्सरसारखा, चोवीस तास. वर वास. नायट्रेट ५० पीपीएमवर जाऊन बसलेलं, काचेवर दर दोन दिवसांनी शेवाळ, आणि सार्कोफायटॉन तोंड मिटून बसलेलं, रुसलेल्या आत्याबाईंसारखं.

त्यात २०२५च्या फेब्रुवारीत आजोबा गेले आणि आजी कायमची आमच्याकडे आली. हॉलमध्ये टाकीशेजारी तिची कॉट. आजी स्वतः काही बोलली नाही, पण आई बोलली. जुलै महिन्यात तिने स्वच्छ सांगितलं, ‘गणपतीपर्यंत हा आवाज आणि हा वास थांबला नाही तर टाकी दुकानदाराला परत. म्हातारं माणूस रात्रभर जागं असतं, तुला कळतंय का?’ दुकानदाराला फोन केला तर तो एक तृतीयांश किंमत देईन म्हणाला, मासे वेगळे घेईन म्हणाला. ‘वेगळे’ म्हणजे जोडी फोडून. गणपती होते २७ ऑगस्टला. माझ्या हातात दीड महिना, त्यात युनिट टेस्ट!

चांगला परदेशी स्किमर तीस हजारांच्या पुढे. म्हणजे प्रश्नच मिटला. पण शोधता शोधता एक दिलासा देणारी गोष्ट वाचायला मिळाली. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात केन फेल्डमन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांना घरी रीफ टँकचा नाद. त्यांनी २००९-१०च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरची रीतसर मोजमापं केली. निष्कर्ष असा की स्किमर कुठलाही असो, पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश तो काढतो, बाकीच्याला तो हातच लावू शकत नाही. आणि महागडा व मध्यम यांच्यात जाहिरातीत असतं तेवढं अंतर नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे हा काही चमत्कार नाही, आहे त्याच नळकांड्याकडून काम काढून घेता येईल.

ते नळकांडं चांगलंच होतं. वाईट होता तो पंप. या पंपाच्या तोंडाशी वाट अरुंद असते, तिथे पाण्याचा वेग वाढतो, दाब पडतो आणि बाजूच्या नळीतून हवा आपोआप आत ओढली जाते. (व्हेंच्युरी! सेकंड इयरला पाठ केलेलं शेवटी उपयोगी पडलं.) पुढे ही हवा पंपाच्या चाकाने कुटायची असते. चांगल्या पंपाच्या चाकावर टाचणीसारख्या भरपूर काट्या असतात, आमच्या चाकावर दहा-बारा जाडजूड खुंट्या. तिकडचे हौशी लोक अशा चाकावर प्लास्टिकची विस्कटलेली जाळी बांधतात, जमिनीची धूप थांबवायला वापरतात तसली. ती इथे कुठून आणायची? आईच्या ओट्याखाली भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीचं नवंकोरं पाकीट सापडलं. तारेची नव्हे हं, तारेची घातलीत तर टाकीचं लोणचं होईल.

जाळीच्या गोल चकत्या कापल्या, पण चाकावर बसेनात. चिकटवायच्या तर डिंक सुटतो, दोऱ्याने बांधल्या तर एक बाजू जड होते आणि पंप थडथडतो. आजी बघत होती. म्हणाली, ‘आण हिकडं.’ दाभण काढलं, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा ओवला आणि गोधडीला घालतात तसे मधून बाहेर, मधून बाहेर असे सारख्या अंतराचे टाके घालून तीन चकत्या पाच मिनिटांत चाकावर शिवून दिल्या. मी पंपाच्या कवचात चाक फिरवून पाहिलं, कुठेही घासत नव्हतं. आमच्या वर्कशॉपच्या सरांनी पाहिलं असतं तर तिला जर्नलवर सही न मागता दिली असती.

बाकीची कामं किरकोळ पण पायपीट करायला लावणारी. नळकांड्यातली पाण्याची पातळी अर्ध्या सेंटिमीटरने हलली तरी फेस बदलतो. कंपनीची कळ फिरवली की एकदम पूर किंवा एकदम दुष्काळ. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने अभिमानाने पितळी व्हॉल्व्ह समोर ठेवला, ‘लाइफटाइम जातो, मॅडम.’ लाइफटाइम जातो हे खरंच, पण पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात सुटलेलं थोडंसं तांबंसुद्धा कोळंबीला आणि प्रवाळाला विष. त्याला हे पटेना. ‘आमच्या घरी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितात,’ म्हणाला. शेवटी पीव्हीसीचे दोन पाइप घेतले, एकात एक सरकणारे. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ते उभे केले. वरचा तुकडा चढवला की आतली पातळी चढते, उतरवला की उतरते. व्हॉल्व्ह नको, काही नको. सोल्युशन लावून जोड एक दिवस सुकवला आणि भरपूर धुतला.

आवाजासाठी तीन गोष्टी. हवेची नळी लांब करून तिचं टोक एका छोट्या बाटलीत नेलं आणि बाटलीला भोकं पाडली, त्याने तो सुस्कारा गेला. पंपाखाली बाबांच्या जुन्या रबरी स्लीपरचे तुकडे घातले, त्याने थरथर गेली. आणि पंप अर्धं पाणी-अर्धं व्हिनेगर अशा मिश्रणात तासभर बुडवून ठेवला. तीन वर्षांचं कॅल्शियम कार्बोनेट फसफसत निघालं, चाक सैल फिरायला लागलं. राखीपौर्णिमेला, ९ ऑगस्टला, दादा आला होता. त्याच्या समोर रात्री बटण दाबलं.

नळकांडं दुधाने भरलं! इतके बारीक बुडबुडे की पलीकडचं दिसेना. आवाज फक्त पंख्याएवढा. दादा म्हणाला, ‘च्यायला!’ (संपादिका, हे कापू नकोस.)

पण कप कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा, तिसऱ्या दिवशी कोरडा. हे अपेक्षितच असतं. नवीन प्लास्टिकवर कारखान्यातलं तेलकट काहीतरी असतं, ते धुऊन जाऊन सगळीकडे पातळ चिकट थर बसेपर्यंत फेस गळ्यात टिकत नाही. कधी चार दिवस लागतात, कधी दोन आठवडे. पुस्तकात ‘दोन आठवडे’ वाचणं वेगळं आणि आई रोज कॅलेंडरकडे बघत असताना दोन आठवडे काढणं वेगळं.

सहाव्या रात्री, म्हणजे १५ ऑगस्टच्या पहाटे दोन-अडीचला, मी किचनमध्ये टेस्टचा अभ्यास करत होते. हॉलमधून हाक आली, ‘पोरी, मळी आली बघ!’

मी धावत गेले. टाकीचा निळा दिवा बंद होता, आजीने मोबाइलचा टॉर्च नळकांड्यावर धरलेला. गळ्यात करड्या-तपकिरी रंगाचा फेस चढत होता, जाड, सावकाश. कपाच्या काठावरून पहिला थेंब आत पडला, कोऱ्या चहाच्या रंगाचा.

‘मळी म्हणजे?’ मी विचारलं.

आजोबा गुळव्या होते हे मला माहीत होतं, म्हणजे नुसतं माहीत होतं. त्या रात्री आजी तासभर बोलली. करवीर तालुक्यातलं त्यांचं गुऱ्हाळ, चिपाडावर पेटलेलं चुलवण, काहिलीत उसाचा रस. रस तापला की त्यात भेंडीच्या झाडांचा चिकट रस घालायचा. त्याला कचरा, माती, उसाचं मेण असं काय काय धरून राहतं आणि काळपट फेस होऊन वर येतं. तीच मळी. लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढत राहायची. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रंदिवस हंगाम आणि रात्री काहिलीपाशी आजोबा जागे. आजी चहा घेऊन जायची आणि तिथेच बसायची.

‘तुझं आजोबा म्हणायचं, मळीला घाई करू नगं. लौकर काढशील तर रस वाया जातोय. उशीर करशील तर उकळीत मोडून पुन्यांदा रसात मिसळतीया. तिची ती येळ असती.’

आता हे वाक्य मी लिहून ठेवलंय, कारण स्किमरबद्दल मी जेवढं वाचलं त्यात याहून सोपं कुणी सांगितलेलं नाही. पातळी वर ठेवली तर ओला फेस, भरपूर पण पाणीदार, टाकीचं मीठसुद्धा त्याच्याबरोबर जातं. पातळी फार खाली ठेवली तर फेस गळ्यातच वाळतो, फुटतो आणि घाण परत पाण्यात. मधली जागा शोधायची. आजी दोन दिवसांत त्या पाइपावर हात बसवून मोकळी झाली. मी कॉलेजमधून आले की ती सांगायची, ‘आच जास्त झालीती, उतरवली जरा.’

तिला झोप न येण्याचं कारण आवाज नव्हता, हे मला तेव्हा कळलं. पंप शांत झाल्यानंतरही ती दोनला जागी असायचीच. फरक एवढाच की आता तिला बघायला काहीतरी होतं.

एकदा फेस अचानक बसला. संध्याकाळी चांगला चढलेला आणि सातला नळकांड्यात नुसतं पाणी. मी पंप तपासला, नळी तपासली, काही नाही. मग आजीच्या केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास आला. तिने वेणी घालून तशाच हाताने टाकीतला पडलेला दगड उभा केला होता! तेलाचा थेंब बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यावर पसरतो आणि पापुद्रा फुटतो, म्हणून फेस टिकत नाही. आजी हसायला लागली. काहील उतू चालली की तेलाचे दोन थेंब टाकायचे, हे तिला माझ्या जन्माआधीपासून माहीत. रात्री अकराच्या सुमारास फेस पुन्हा चढला.

गणपतीला टाकी हॉलमध्येच होती. आई ‘ठेव’ असं काही म्हणाली नाही. फक्त मखर समोरच्या भिंतीला लावलं आणि विषय तिथेच संपला. आलेल्या प्रत्येक काकांनी ‘यातलं पापलेट कुठलं?’ हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा केला. वास म्हणाल तर कपाचं झाकण घट्ट आणि कप रोज धुतला तर येत नाही. गळ्याच्या आतून बसलेला चिकटाही पुसायचा, नाहीतर फेस तिथेच अडकतो. कपातला माल आजी तुळशीला खत म्हणून घालणार होती, तिला वेळीच थांबवलं. त्यात मीठ किती! तुळस गेली असती आणि तिच्यापाठोपाठ मी.

ऑक्टोबरमध्ये नायट्रेट २०वर आलं. याचं सगळं श्रेय स्किमरला देणं बरोबर नाही, दर रविवारी वीस लिटर पाणी बदलणं चालूच होतं. सार्कोफायटॉनचंही तसंच. ते अधूनमधून अंगावर मेणासारखा पापुद्रा आणून मिटतं आणि कात टाकल्यासारखं तो टाकून पुन्हा उघडतं, ही त्याची रीतच आहे. पण सप्टेंबरमध्ये एका दुपारी ते पूर्ण उघडलं, सगळ्या बारीक बोटांसकट, आणि आजीने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. तिथे मी ‘वैज्ञानिकदृष्ट्या’ वगैरे म्हणायच्या भानगडीत पडले नाही.

जाळी झिजतेय. चार-पाच महिन्यांत तिचे तंतू गळायला लागतात, मग नवी शिवावी लागणार. दिवाळीनंतर आजी गावी गेलीय, घर उघडून बघायला, बहुतेक संक्रांतीपर्यंत राहील. जाताना तिने दोन चाकं जास्तीची शिवून डब्यात ठेवलीत. रोज रात्री नऊला तिचा फोन येतो. आधी जेवलीस का, मग परीक्षा कधी, मग ‘मळी किती निघाली?’

मी कपाला बोटं लावून सांगते. आज दीड बोट.

‘रंग?’

‘कोरा चहा.’

‘मग ऱ्हाऊ दे तसंच. हात लावू नगंस.’